मृगाच्या तोंडावर हाती असलेले पुस्तक : कोकणातील वाचकांचे अनुभव

पावसाची झड लागली की कोकणात संध्याकाळनंतर घराबाहेर पडण्याचे कारण उरत नाही आणि वाचनालयांतली देवघेव वाढते, हे मी रत्नागिरीत राहून अनेक वर्षे पाहत आलो आहे. याच शहरात 1828 मध्ये सुरू झालेले वाचनालय आजही पुस्तके देत आहे, तेव्हा वाचनाची विचारपूस इथून व्हावी हे मला उचित वाटले. किनाऱ्यावरच्या वाचकांना मी दोनच गोष्टी विचारल्या : सध्या आपण काय वाचत आहात, आणि ते कोणी व कसे वाचावे असे आपल्याला वाटते? नुसते 'छान आहे' असे लिहू नये, एवढी विनंती केली होती. आरंभ माझ्यापासून करतो.

मी श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' ही 1987 मध्ये प्रसिद्ध झालेली दोन खंडांची कादंबरी दुसऱ्यांदा वाचत आहे. तिशीत असताना मी ती घटनांच्या ओढीने वाचली होती. आता साठी उलटल्यावर, जगबुडी नदीच्या काठचे ते खोतांचे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांचे, घराणे पिढ्यानुपिढ्या कसे चढते आणि कसे खचते याहीपेक्षा, घरातली माणसे एकमेकांशी काय बोलायचे टाळतात याकडे माझे लक्ष जाते, कारण आमच्या स्वतःच्या घराच्या वाटण्या अशाच न बोललेल्या गोष्टींपायी झाल्या. नव्या वाचकाने जवळ एक कागद ठेवून वंशावळ मांडत जावी. नात्यांचा गोंधळ झाल्यामुळे पहिल्याच खंडात पुस्तक सोडून दिलेले तीन मित्र मला ठाऊक आहेत.

रत्नागिरी तालुक्यातील एक शिक्षिका

काका, आपण खोतांच्या घराविषयी लिहिलेत, म्हणून ज्यांना त्या घराच्या अंगणातसुद्धा पाऊल टाकता येत नव्हते त्यांच्या बाजूचे पुस्तक मी सुचवते. उर्मिला पवार यांचे 'आयदान' हे आत्मकथन 2003 मध्ये आले. आयदान म्हणजे बांबूच्या पट्ट्यांपासून विणलेली सुपे, टोपल्या यांसारख्या वस्तू. लेखिकेची आई त्या विणून संसार चालवीत असे. डोक्यावर भारे घेऊन डोंगर-चढणी तुडवत रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायकांचे त्यातले वर्णन वाचताना मला माझी आजी दिसली. तीही तशीच जात असे, मात्र त्या वाटेविषयी तिने आम्हांला कधी चार वाक्येही सांगितली नाहीत.

डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले आणि प्रत्यक्ष कायदा 1949 मध्ये झाला, हा भाग मी वर्गात दोन ओळींत उरकत असे, याची मला आता खंत वाटते. या पुस्तकानंतर मी मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून विचारून यायला सांगितले की मळणी झाल्यावर धान्याचा कोणता वाटा कुठे जात असे. जी माहिती जमली ती पाठ्यपुस्तकात मावणारी नव्हती. आपण सुचवलेली कादंबरी अवश्य वाचावी, परंतु 'आयदान' तिच्या आधी वाचावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

*(ताईंची सूचना मला मान्य आहे. यापुढे कोणी विचारले तर मी हाच क्रम सांगेन.)*

पेण येथील मूर्तिकार

गणपतीच्या हंगामात आमच्या कारखान्यात रात्री उशिरापर्यंत मूर्तींच्या डोळ्यांची आखणी चालते आणि आमचे डोळे इतके शिणतात की रोज चारपाच पानांपलीकडे वाचन होत नाही. तरीही विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' मी सोडलेला नाही. गोडसे आमच्याच तालुक्यातल्या वरसईचे. घरावरचे कर्ज फिटावे म्हणून, मथुरेला मोठा यज्ञ होणार आणि दक्षिणा मिळणार असे ऐकून, हा भिक्षुक काकांसह 1857 मध्ये उत्तरेकडे निघाला आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहराच्या आत होता. तोफांचे गोळे, लूट, उपासमार हे सारे त्याने शिपाई म्हणून नव्हे, तर जीव मुठीत धरून बसलेल्या पाहुण्यासारखे पाहिले, आणि म्हणूनच ते वाचताना अंगावर काटा येतो. एवढे होऊनही आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन तो वरसईला परतला. पैसा जवळजवळ नव्हताच.

पुस्तक 1907 मध्ये चिंतामणराव वैद्य यांनी संपादित करून छापले आणि पुढे दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून संहिता प्रसिद्ध केली. मिळाल्यास ही मूळ संहिताच वाचावी. भाषा पहिली वीस पाने अडते, पण मोठ्याने वाचली की उलगडते. बाहेरगावी नोकरीसाठी गेलेल्या प्रत्येक मुलाला मी हे पुस्तक देऊ इच्छितो.

कुडाळहून एक एसटी वाहक

आरती प्रभू, म्हणजेच चिं. त्र्यं. खानोलकर, यांचा 'नक्षत्रांचे देणे' हा संग्रह माझ्या पिशवीत असतो. याच कुडाळात त्यांनी खानावळ चालवली होती. गाडी शेवटच्या थांब्यावर उभी असताना एक कविता वाचावी, दुसरी वाचू नये. दोन लागोपाठ वाचल्या तर पहिली पुसली जाते.

गुहागरजवळील एक बागायतदार

दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' मी सलग वाचत नाही. 1956 साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात बारा महिन्यांवर बारा लेख आहेत, आणि महिना लागला की मी त्याच महिन्याचा लेख काढतो. हे पाचवे वर्ष आहे. पूर्वी मला बागेत कलमे आणि त्यांवरचा मोहोर एवढेच दिसत असे. आता रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या झाडाच्या, कोवळ्या पालवीचा तांबूस रंग किती दिवस टिकतो, हे मी वहीत टिपून ठेवतो. बागेत काम करणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे. शहरातल्या वाचकाला खिडकीतून दिसणारे एक झाडही पुरेल.

वेंगुर्ल्याहून एक गृहिणी

सासऱ्यांची दृष्टी गेली आहे. त्यांना रोज दुपारी मी जयवंत दळवी यांचे 'सारे प्रवासी घडीचे' वाचून दाखवते. दळवी शेजारच्या आरवलीचे असल्यामुळे पुस्तकातल्या प्रत्येक माणसापाशी सासरे मला थांबवतात आणि 'असाच एक आमच्या वाडीत होता' म्हणून सांगू लागतात. महिनाभरात निम्मेच झाले आहे. संपण्याची मला घाई नाही.

हर्णै बंदरावरून एक मच्छीमार

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या 61 दिवसांतच माझे वाचन होते. सध्या गो. नी. दांडेकर यांची 'पडघवली' वाचत आहे. गाव ओसाड होत जाण्याचे दुःख त्यात असे आले आहे की आमच्या आळीतली कुलूपबंद घरे मी मोजू लागलो, अकरा भरली. पुस्तक मी मुंबईला असलेल्या भावाला पाठवणार आहे. माझी मात्र एक विनंती आहे. कोकणावरची जी पुस्तके मी आजवर वाचली त्यांत समुद्र बहुधा किनाऱ्यावरून पाहिलेला आहे. होडीवर रात्री काढलेल्या, जाळे ओढलेल्या माणसाने स्वतः लिहिलेले मराठी पुस्तक कोणाला ठाऊक असेल, तर 31 जुलैच्या आत मला सांगावे.