पोस्टग्रेस १४ वरून १७: टॅग बदलला आणि कंटेनर उठेनासा झाला

निळी_शाई

डॉकर कंपोजवर (एका फाइलवरून कंटेनर चालवणारं साधन) पोस्टग्रेस १४ या डेटाबेसची अधिकृत इमेज (कंटेनरचा तयार साचा) चालू आहे. डेटा साधारण ६० जीबी, नेम्ड व्हॉल्यूममध्ये (कंटेनरबाहेर टिकणारी साठवण). १४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतो, म्हणून स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) कंपोज फाइलमधला टॅग (इमेजची आवृत्ती) १४ चा १७ केला आणि नेहमीच्या पाइपलाइनने डिप्लॉय केलं. कंटेनर उठतो, पडतो, परत उठतो. लॉगमध्ये ‘डेटाबेस फाइल्स आर इनकम्पॅटिबल विथ सर्व्हर’. डेटा गेला का? प्रॉडक्शनसाठी (खऱ्या वापरातल्या सर्व्हरसाठी) रविवारी पहाटे तीन तास मिळतील.

खतावणी

डेटा शाबूत आहे. सर्व्हर सुरू होताना डेटा डिरेक्टरीतली ‘पीजी_व्हर्जन’ ही फाइल आधी वाचतो. तिच्यात १४ दिसलं की १७ चा सर्व्हर तिथेच थांबतो, पुढे कशालाही हात लावत नाही. टॅग परत १४ करा, जसं होतं तसं उठेल.

१४.५ वरून १४.१२ ला टॅग बदलून जाता येतं, कारण मायनर आवृत्तीत फाइलींची मांडणी तीच राहते. मेजर आवृत्तीत सिस्टिम कॅटलॉग (डेटाबेसची स्वतःबद्दलची टेबलं) बदलतो. पीजी_अपग्रेड या मेजर आवृत्ती बदलणाऱ्या साधनाला जुनी आणि नवी दोन्ही बायनरी (सर्व्हरचे प्रोग्राम) लागतात, अधिकृत इमेजमध्ये एकच असते. ६० जीबीसाठी ती जुळवाजुळव करण्यापेक्षा डंप (डेटा फाइलीत उतरवणं) आणि रिस्टोर (तो परत भरणं) बरं.

जुन्या व्हॉल्यूमला अजिबात धक्का लावू नका. १७ साठी वेगळं व्हॉल्यूम, वेगळ्या नावाची सर्व्हिस. ॲप बंद करा आणि १७ च्या कंटेनरमधला पीजी_डंप जुन्या सर्व्हरकडे वळवा. नवा पीजी_डंप जुना सर्व्हर वाचू शकतो, उलटं चालत नाही. फॉरमॅट डिरेक्टरी ठेवा, कारण समांतर डंप फक्त त्यातच होतो. चार जॉब (एकाच वेळी चालणारी कामं) पुरेत. रोल (डेटाबेसचे वापरकर्ते) आणि पासवर्ड पीजी_डंपमध्ये येत नाहीत, त्यासाठी पीजी_डंपऑल ‘ग्लोबल्स ओन्ली’ने वेगळं चालवा आणि नव्या सर्व्हरवर ते आधी भरा. तेव्हा ‘पोस्टग्रेस’ रोल आधीच आहे अशी एक एरर येईल, ती सोडून द्या. मात्र त्याच स्क्रिप्टमधली पुढची ओळ त्या रोलला जुना पासवर्ड लावते. कंपोजमध्ये नवा पासवर्ड दिला असेल तर लॉगिन का होत नाही याचं कोडं तिथे सुटतं.

डंप बहुधा ६० जीबीपेक्षा बराच लहान निघेल, कारण इंडेक्सची (शोध जलद करणाऱ्या सूचीची) फक्त व्याख्या त्यात जाते. त्याची वसुली रिस्टोरच्या वेळी होते, तिथे सगळे इंडेक्स नव्याने बांधले जातात. म्हणून तीन तास पुरतील की नाही हे अंदाजाने ठरवू नका; स्टेजिंगवर प्रॉडक्शनच्या बॅकअपवरून रंगीत तालीम करा आणि घड्याळ लावा. डिस्कवर जुनं व्हॉल्यूम, डंप आणि नवं व्हॉल्यूम तिन्ही एकाच वेळी मावायला हवं.

रिस्टोर झाल्यावर ‘व्हॅक्यूमडीबी’ला ‘अनालाइझ इन स्टेजेस’ देऊन चालवा. टेबलांतल्या डेटाची आकडेवारी डंपमधून येत नाही, आणि तिच्याशिवाय प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) भलतेच प्लॅन निवडतो. ‘१७ फारच संथ आहे’ अशी तक्रार पहिल्या तासात येते ती बहुतेक यामुळेच.

टॅग_पिन

यात दोन गोष्टींची भर. पीजी_रिस्टोर चार जॉबनी चालवून ‘मेंटेनन्स_वर्क_मेम’ (इंडेक्स बांधण्यासारख्या कामांची मेमरी मर्यादा) १ जीबी केलं की इंडेक्स बांधताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येऊ शकतं. डिस्क मोकळी दिसते, मग माणूस भलतीकडेच शोधत बसतो. डॉकर कंटेनरला शेअर्ड मेमरी फक्त ६४ एमबी देतो आणि समांतर इंडेक्सला तीच लागते. कंपोजमध्ये ‘एसएचएम_साइज’ २ जीबी करा. कुबरनेटीसवर (अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणारी प्रणाली) ही सोय नाही, तिथे मेमरीवरचं एम्प्टीडिर (तात्पुरतं व्हॉल्यूम) शेअर्ड मेमरीच्या जागी माउंट करावं लागतं.

दुसरं, टॅग नुसता ‘१७’ ठेवू नका, मायनर आवृत्ती आणि ‘बुकवर्म’ या डेबियन लिनक्सच्या आवृत्तीसकट पूर्ण लिहा. नुसत्या टॅगखालचं डेबियन कधीतरी बदलतं, त्याबरोबर जीलिबसी (त्याची सी लायब्ररी) बदलते आणि मजकुराचा क्रम लावण्याचे नियम हलतात. इंडेक्स मात्र जुन्या क्रमाने बांधलेला असतो. मग नाव टेबलात असूनही शोधात सापडत नाही, युनिक इंडेक्स असूनही दुसऱ्यांदा शिरतं. डंप-रिस्टोरमध्ये इंडेक्स नवेच बनतात, म्हणून या वेळी धोका नाही; पण त्याच व्हॉल्यूमवर डेबियनची इमेज काढून अल्पाइन या दुसऱ्या लिनक्सची कधीच लावू नका. अल्पाइनची सी लायब्ररी वेगळी आहे. डेबियन बदलून कोलेशन (क्रम लावण्याचे नियम) हलल्याचा इशारा आला असेल तर आधी रीइंडेक्स, मग ‘रिफ्रेश कोलेशन व्हर्जन’. क्रम उलटा केलात तर इशारा जातो आणि बिघाड तसाच राहतो.

निळी_शाई

१४ वर परत आणलं, डेटा जागेवर आहे. रिस्टोरही झालं. पण सीआयमध्ये (स्वयंचलित चाचण्यांत) मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी स्क्रिप्ट) ‘परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक’ म्हणून पडतंय. स्टेजिंगवर तेच मायग्रेशन चालतं.

खतावणी

१५ पासून पब्लिक स्कीमात (टेबलांच्या मूळ गटात) टेबल बनवण्याचा सर्वांचा हक्क काढला आहे, पण फक्त नव्याने बनवलेल्या डेटाबेससाठी. डंपमधून आलेला डेटाबेस जुने हक्क घेऊन येतो, सीआय दर वेळी कोरा बनवतं. ॲपच्या रोललाच त्या डेटाबेसचा मालक करा, किंवा इनिट स्क्रिप्टमध्ये त्याला पब्लिकवर ‘क्रिएट’ द्या. इनिट स्क्रिप्ट डेटा डिरेक्टरी रिकामी असेल तरच चालते, त्यामुळे सीआयमध्ये व्हॉल्यूम जपून ठेवत असाल तर आधी ते पुसा.

आणि रविवारी माघारी फिरायचं की नाही हे ॲप सुरू करण्याआधी ठरवा. १७ वर नव्या नोंदी पडायला लागल्या की जुन्या व्हॉल्यूमवर परतणं म्हणजे त्या नोंदींवर पाणी सोडणं.

टॅग_पिन

कंपोजमध्ये ‘स्टॉप_ग्रेस_पीरियड’ही दोन मिनिटं करा. कंटेनर थांबवताना डॉकर एरवी १० सेकंदांत प्रोसेस मारतो; तेवढ्यात चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर लिहिणं) पुरा झाला नाही तर पुढच्या वेळी क्रॅश रिकव्हरी चालते. डेटा वाचतो, पण डाउनटाइममधली मिनिटं त्यात जातात.