पायलट व्हायला जमीन तारण ठेवावी का?

वैनगंगाकाठ
भाच्याची बारावी झाली, त्याला कमर्शियल पायलट व्हायचंय. भाऊजी गावची शेती तारण ठेवायला निघालेत, कारण साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. माझं मत स्पष्ट आहे: या शिक्षणासाठी वडिलोपार्जित जमीन लावू नये.

सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) म्हणजे नोकरी नव्हे. २०० तास उड्डाण, डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर, प्रत्येकात ७० टक्के, आरटीआर म्हणजे रेडिओ वापरायचा परवाना, मेडिकल एवढं सगळं करून लायसन्स मिळतं ते छोट्या विमानांवर. एअरबस ए-३२० सारख्या प्रवासी विमानासाठी टाइप रेटिंग, म्हणजे त्या मॉडेलचं खास प्रशिक्षण वेगळं, त्याचे लाखो रुपये वेगळे. सगळं मिळून पाऊण कोटीच्या आसपास जातं. तोवर बाजार बसला तर? किंगफिशर २०१२ ला थांबली, जेट एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ ला. दर वेळी अनुभवी पायलट नोकरी शोधत बाहेर पडले. त्यांच्यासमोर २०० तासवाल्याला कोण विचारणार? बँकेचा हप्ता मात्र कुणासाठी थांबत नाही.

उजवी_सीट
मी ए-३२० वर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे. वडील एसटीत कंडक्टर होते, राहतं घर गहाण ठेवून त्यांनी मला शिकवलं. लायसन्स मिळाल्यावर बराच काळ नोकरी नव्हती. त्या दिवसांत घरात काय चालायचं ते मला ठाऊक आहे, तरीही सांगतो, मुलाला अडवू नका.

तुम्ही बंद पडलेल्या कंपन्या मोजल्यात, मागवलेली विमानंही मोजा. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांच्या ऑर्डरी दिल्या. एक विमान दिवसभर उडवायला पायलटांच्या अनेक जोड्या लागतात. त्यात नव्या नियमांनी आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली. पायलट कमी पडले की काय होतं, ते डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं रद्द झाल्यावर विमानतळांवर अडकलेल्या लोकांना विचारा.

वैनगंगाकाठ
@उजवी_सीट साहेब, खरी चणचण कॅप्टनची असते. त्याला लागणाऱ्या एटीपीएल या वरच्या लायसन्सलाच १५०० तास लागतात. शिकाऊ पोरगा ती जागा उद्या भरू शकत नाही. विमानं येतीलही, पण आमचं कर्ज त्याआधी सुरू होतं.

गोंदिया_ते_बारामती
मी काही वर्षं इन्स्ट्रक्टर होतो. तुम्ही दोघंही नोकरीवर भांडताय, पण माणूस बुडतो तो त्याच्या आधी, ट्रेनिंगमध्येच.

पहाटे पोरं गणवेश घालून फ्लाइट प्लॅनिंग करून तयार असतात. बोर्डावर नाव लागलेलं असतं. मग कळतं, एक सेसना १०० तासांच्या तपासणीला उभी आहे, दुसरीचा सुटा भाग आलेला नाही. उरलेल्या विमानावर सगळे ताटकळतात, तोवर धुकं निवळून उन्हाचे हादरे सुरू होतात आणि नवख्याची सॉर्टी (सरावाचं उड्डाण) रद्द होते. पावसाळ्यात तर आठवडेच्या आठवडे जातात. इन्स्ट्रक्टरही स्वतःचे तास पुरे झाले की एअरलाइनला जातो. वर्ष-दीड वर्षाचा कोर्स असा तीन वर्षांवर जातो आणि होस्टेल, मेस, व्याज चालूच राहतं. आधीच्या सॉर्टीत हात बसलेला असतो तोही महिनाभराच्या खंडाने सुटतो, मग तेच धडे पुन्हा, पुन्हा पैसे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये डीजीसीएने फ्लाइंग स्कूलांची पहिली क्रमवारी काढली, त्यात वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. म्हणून भाऊजींना सांगा, प्रवेशाआधी चार दिवस तिथे जाऊन राहा. किती विमानं आहेत हे विचारू नका, आज किती उडाली ते बघा. आणि सगळी फी एकरकमी कुठल्याही परिस्थितीत भरू नका, झालेल्या तासांप्रमाणे टप्प्यांनी द्या.

काळी_माती
दादा, मुलीच्या लग्नाला एकर-दोन एकर विकलं की कुणी असा धागा काढत नाही. शिक्षणाला लावलं की सगळ्यांना काळजी. तुमचा सल्ला सगळ्यांनी ऐकला तर कॉकपिटमध्ये फक्त बिल्डरांची पोरं दिसतील आणि आमच्यांनी कायम पोलीस भरतीचं मैदान मारायचं. राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेने ओबीसी आणि भटक्या-विमुक्त मुलांना नागपूर फ्लाइंग क्लबमधून पायलट ट्रेनिंगची वाट काढून दिली, त्याची चौकशी केलीत का? माझी पुतणी तयारी करतेय. गरज पडली तर आम्हीही जमीन लावू.

वैनगंगाकाठ
ताई, जमीन लग्नालाही विकू नये, हेच माझं म्हणणं आहे. महाज्योतीचं जरूर बघतो. पण बारावीच्या पोराच्या इच्छेवर घराचं पोट लावायचं, हे अजूनही पटत नाही.

उजवी_सीट
मग क्रम बदला. आधी क्लास २ आणि क्लास १ मेडिकल, म्हणजे पायलटसाठीच्या वैद्यकीय तपासण्या होऊ द्या. चष्म्याने सहसा अडत नाही, रंग ओळखण्यात दोष निघाला तर मात्र मोठी अडचण. मग घरी बसून नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्सचे पेपर काढू द्या. याला जमीन लागत नाही. एवढं त्याने जिद्दीने केलं, तर बँकेत सही करायला भाऊजींसोबत तुम्हीही जा.

वैनगंगाकाठ
पेपर निघाले तर शब्द देतो, जामीनदार म्हणून माझी सही असेल. सात-बारा मात्र नको.

काळी_माती
जामीनदाराच्या सहीवर पाऊण कोटी कोण देतं, दादा? बँक शेवटी सात-बाराच मागणार.