वजन जुळत नाहीये
तुमच्या काल्पनिक नौदलाची युद्धनौका मनापासून आवडली, विशेषतः तिचा सेवाकाळ. पण 35,000 टनांत 46 सेंटिमीटरच्या नऊ तोफा, जाड चिलखत आणि वर 33 नॉटचा (ताशी सागरी मैलांचा) वेग, हे काही बसत नाही. जपानच्या यामातो या युद्धनौकेवर तशाच नऊ तोफा होत्या. पूर्ण भाराने ती 70,000 टनांच्या पुढे गेली, तरी वेग 27 नॉटच्याच आसपास. 1922 च्या वॉशिंग्टन कराराने युद्धनौकांवर 35,000 टनांची मर्यादा घातली तेव्हा ब्रिटिशांनी त्यांच्या नेल्सन या युद्धनौकेवरचे तिन्ही टरेट (तोफांचे फिरते बुरूज) पुढच्या बाजूला घेतले, म्हणजे चिलखत कमी लांबीवर घालून भागलं. वेग मात्र 23 नॉटवर आला. अशी एखादी ओढाताण तुमच्या नौकेतही दिसू द्या, लगेच खरी वाटेल.

रुंदीही आधी ठरवा. अमेरिकेची युद्धनौका आयोवा 33 मीटरच रुंद ठेवली, कारण तिला पनामा कालव्यातून जायचं होतं.

आणि तुमच्या नौकेची शेवटची मोठी लढाई मी तरी काढून टाकेन. दुसऱ्या महायुद्धात जर्मन युद्धनौका तिरपिट्झने नॉर्वेच्या खाडीत नुसतं उभं राहून ब्रिटिशांच्या मोठ्या नौका अडकवून ठेवल्या होत्या. तुमच्या नौकेलाही तेच काम शोभेल.