'द बॅट': टांगलेले डबे चुकले की सपाट रूळ?

रूळपंडित: ओहायोच्या किंग्ज आयलंड पार्कमधला पोलादी रोलर कोस्टर 'द बॅट', ज्याचे डबे रुळाखाली टांगून झुलायचे, 1981 ला सुरू झाला, 1983 ला बंद पडला. तेव्हापासून 'टांगते डबे ही कल्पनाच खुळी' हे पालुपद. मला पटत नाही. डबा वळणावर आपसूक बाहेर झुलणार, म्हणून तो बनवणाऱ्या ॲरो कंपनीने वळणावर रूळ आतल्या बाजूला कलवलाच नाही, घोळ तिथे झाला. डबा झुलतो, वरची बोगी, म्हणजे रुळाला धरलेला चाकांचा सांगाडा, झुलत नाही. उदाहरणादाखल वेग सेकंदाला 15 मीटर, वळणाची त्रिज्या 15 मीटर धरा. आडवं बल 1.5 जी, म्हणजे वजनाच्या दीडपट. सपाट रुळावर ते सगळं बगलेच्या चाकांवर येतं आणि तिथून खांबांत उतरतं. रूळ 45 अंश कलवा, 0.4 जी सुद्धा उरत नाही.

शंकासुर: गणित मान्य, निकाल नाही. बॅटवर डब्याचा झोका आवरणारे शॉक ॲब्सॉर्बर झिजून झिजून राइड वरचेवर बंद पडायची. डबा झुलणार म्हटलं की ते लागणारच, रूळ कसाही असो.

रूळपंडित: लागतील, पण किती राबतील? वरच्याच उदाहरणात डबा उभ्या रेषेपासून 57 अंश झुलतो. सपाट रुळावर ते सगळे 57 शॉकला झेलायचे, कलत्या रुळावर जेमतेम 12. कलती वळणं घेऊन ॲरोचाच टांगता कोस्टर 'बिग बॅड वुल्फ' 1984 ते 2009 चालला की.

शंकासुर: 12 अंश हे डबा स्थिरावल्यावरचे. वळण एकदम लागलं तर लोलक आधी पुढे जातो, मग मागे येतो. शिवाय गाडी हळू आली की कलत्या रुळावर डबा आतल्या बाजूला लोंबतो. शॉकला सुट्टी नाहीच. इंग्लंडच्या चेसिंग्टन पार्कमधल्या 1990 च्या 'व्हॅम्पायर' या ॲरोच्याच टांगत्या कोस्टरला 2002 मध्ये व्हेकोमा कंपनीच्या नव्या गाड्या घालाव्या लागल्या, ते विसरू नका.

रूळपंडित: गाड्या बदलल्या, रूळ नाही! म्हणजे माझंच म्हणणं. आणि किंग्ज आयलंडनेच 1993 ला पुन्हा ॲरोचा टांगता कोस्टर घेतला. 2014 पासून त्याचं नावही 'द बॅट'.

नटबोल्ट: मग जुनाच रूळ का नाही कलवला, असं कोणी विचारण्याआधी: रूळ कलवला की डब्याच्या झोक्याला लागणारी मोकळी जागा सरकते, वळणावळणावरचे आधार नव्याने करावे लागतात, वळणाआधी कल हळूहळू चढवायला लांबी लागते ती वेगळीच. एवढ्यात नवा कोस्टर झाला असता. पार्कने तेच केलं. स्टेशन ठेवलं, 1987 ला तिथून 'व्होर्टेक्स' सोडला. तो 2019 पर्यंत चालला, डबे अर्थात रुळाच्या वर.