अनुभव धागा : बाळाच्या पहिल्या वर्षातले वाढीचे झपाटे

माणूस जन्मानंतर सर्वांत वेगाने वाढतो तो पहिल्या वर्षात. पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या बाळाचे वजन साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते, लांबी सुमारे 25 सेंटिमीटरने वाढते. मात्र ही वाढ रोज सारखी होत नाही. मानववंशशास्त्रज्ञ मिशेल लॅम्पल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत तान्ह्या बाळांची लांबी कित्येक दिवस जराही न वाढता मग एकाएकी अर्धा सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक वाढल्याचे आढळले होते. घरात मात्र लांबीच्या आधी रडणेच लक्षात येते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सहाव्या आठवड्याच्या सुमारास, पुढे तिसऱ्या, सहाव्या आणि कधी नवव्या महिन्यात बाळ काही दिवस सतत भुकेले आणि चिडचिडे होते, आणि घरात कोणीतरी म्हणते, ‘आईला दूध पुरत नाही.’ त्या दिवसांत आपल्या घरी काय झाले, कोणी काय केले आणि कशाचा उपयोग झाला, हे गोव्यातील पालकांनी आणि आजी-आजोबांनी येथे सविस्तर लिहावे. नावाऐवजी गावाचा उल्लेख पुरेसा आहे.

फोंडा, आई

आमचा मुलगा दीड महिन्याचा असताना चतुर्थी आली. वडिलोपार्जित घरी सगळे कुटुंब जमले होते, माटोळी बांधून झाली होती आणि स्वयंपाकघरात खतखते शिजत होते. नेमके त्याच दिवसांत बाळाने दिवेलागणीपासून मध्यरात्रीपर्यंत पिणे सुरू केले. तो ओढायचा, सोडायचा, रडायचा आणि पुन्हा तोंड लावायचा. दोन दिवसांपूर्वीच सहाव्या आठवड्याची लस टोचून झाली होती, त्यामुळे निम्म्या पाहुण्यांनी दोष लशीला दिला आणि उरलेल्यांनी माझ्या दुधाला. एका नातेवाईक बाईंनी मध चाटवण्याचा सल्ला दिला. वर्षाच्या आत मध दिल्यास बाळाला बोटुलिझमची विषबाधा होऊ शकते, हे सासूबाईंना बाळंतपणाच्या वेळी रुग्णालयातल्या परिचारिकेने सांगितले होते, म्हणून त्यांनी तो सल्ला नम्रपणे पण ठामपणे नाकारला. त्यांनी मला आतल्या खोलीत बसवले, तांब्याभर पाणी आणि पानावरचे सगळे पदार्थ तिथेच आणून दिले आणि आरतीलाही उठू दिले नाही.

त्या परिचारिकेचे आणखी एक सांगणे त्या दिवसांत माझा आधार झाले. स्तन जितके रिकामे होतात तितके दूध पुढे वेगाने तयार होते, आणि बाळ सारखे पिऊन ती मागणीच शरीरापर्यंत पोहोचवत असते. त्याच वेळी बाटली दिली तर मागणी तिथेच तुटते. पाहुणे आपापल्या घरी परतेपर्यंत बाळ पुन्हा पूर्वीच्या वेळांवर आले होते. सासूबाई दुसरीही एक गोष्ट पाहत होत्या. पावसामुळे लंगोट मागच्या पडवीतल्या दोरीवर वाळत असत, आणि रोज सकाळी त्या दोरीवरचे ओले लंगोट मोजत. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा लघवी होत असेल तर बाळाच्या पोटात पुरेसे जात आहे, हा हिशेब त्यांनी जमलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ऐकवला.

वेर्णा, वडील

मी औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो. पाजण्याचे काम माझ्या हाती नव्हते, पण त्याच्या मागचे-पुढचे सर्व काम होते आणि त्या दिवसांपुरते मी ते पूर्णपणे माझ्याकडे घेतले. पाजून झाले की बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा, लंगोट बदलायचा, पुन्हा भूक लागेपर्यंत ओसरीवर फिरवायचे, आणि तेवढ्या वेळात पत्नीने दार लावून झोपायचे, असे आम्ही ठरवून घेतले. रात्रपाळी असे तेव्हा हेच काम माझी आई करत असे. माझ्या मते अशा दिवसांत बाळापेक्षाही आईला सांभाळण्याची गरज अधिक असते. झोप न मिळालेल्या आईला ‘दूध कमी आहे का?’ असे दिवसातून चार वेळा विचारणे हे तिच्या कष्टांत भर घालणे आहे. आमच्या घरी तो प्रश्न विचारायचा नाही, असे मी सर्वांना स्पष्ट सांगितले होते.

काणकोण, आजी

आमच्या वेळी घड्याळ पाहून तीन-तीन तासांनी पाजावे, असे शिकवले जात असे. नातीच्या वेळी सुनेने मागेल तेव्हा पाजले आणि मूल अधिक शांत राहिले, हे मी स्वतः पाहिले. मी तिला उकड्या तांदळाची पेज, हळिवाची खीर आणि मूगगाठी भरपूर खाऊ घातली, कारण बाळंतिणीच्या अंगात ताकद हवी. पण दूध वाढते ते मुख्यतः बाळाच्या ओढण्याने, हे आता मला पटले आहे.

वास्को, आई

प्रकृतीच्या कारणामुळे माझे बाळ डब्याच्या दुधावर होते. त्यालाही झपाटे आले. डॉक्टरांची सूचना अशी होती की भुकेच्या खुणा दिसल्यास फेरी वाढवावी, पण पोट जास्त वेळ भरलेले राहील म्हणून पावडर ठरलेल्या मापापेक्षा अधिक घालून दूध दाट करू नये, कारण त्याचा ताण बाळाच्या मूत्रपिंडावर पडतो.

मडगाव, आई

माझी 26 आठवड्यांची प्रसूती रजा संपली आणि सहाव्या महिन्याचा झपाटा त्याच आठवड्यात सुरू झाला. दिवसा बाळ आईकडे राहत असे आणि मी काढून ठेवलेले दूध दुपारपर्यंत संपत असे. आपल्याकडच्या उकाड्यात काढलेले दूध बाहेर ठेवणे योग्य नसल्याने कार्यालयातल्या फ्रीजमध्ये जागा मागून घेतली. घरी आल्यावर मात्र इतर सर्व कामे बाजूला ठेवून बाळ म्हणेल तितका वेळ त्याला जवळ घेतले. सहा महिने पूर्ण झाल्यामुळे नाचण्याचे सत्त्व आणि मऊ भातही सुरू केला, पण तो दुधाच्या बदल्यात नव्हे, दुधाच्या जोडीला.

डिचोली, अंगणवाडी सेविका

अनेक माता झपाट्याच्या दिवसांत बाळाला घेऊन येतात आणि वजन कमी झाले असेल या भीतीने काट्याकडे पाहण्याचेही टाळतात. एका दिवसाच्या वजनावरून काहीच ठरत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन 10 टक्क्यांपर्यंत उतरते आणि बहुधा दोन आठवड्यांत भरून निघते. त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाला सरासरी 20 ते 30 ग्रॅम वाढ अपेक्षित असते. माता-बाल संरक्षण कार्डावरचा वक्र त्यासाठीच आहे. दर महिन्याला शक्यतो त्याच काट्यावर, कपडे काढून वजन करावे, कार्डावर बिंदू मांडावा आणि रेषा वर चढते आहे का ते पाहावे. शेजारच्या बाळाच्या गुबगुबीतपणाशी तुलना करून कितीतरी सुदृढ बाळांना विनाकारण बाटली लागलेली मी पाहिली आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. रेषा आडवी झाली किंवा खाली वळली, तर मात्र ‘झपाटा असेल’ म्हणून वाट न पाहता आरोग्य केंद्रात जावे.

म्हापसा, आई

वरील सर्व अनुभवांना माझा एक पुरवणी अनुभव. तिसऱ्या महिन्यात आमची मुलगी चिडचिडी झाली, तेव्हा घरच्यांनी झपाट्याचे नाव घेतले. परंतु ती पिण्यासाठी आसुसलेली नव्हती. तोंड लावून लगेच सोडत होती, हाक मारली तरी सुस्त पडून राहत होती आणि लंगोट कोरडे निघत होते. काखेत ताप पाहून आम्ही तडक डॉक्टरांकडे गेलो. तपासणीत लघवीचा संसर्ग निघाला आणि वेळेवर औषध मिळाले. झपाट्यातले बाळ जोमाने ओढते आणि मध्येमध्ये जागेपणी नेहमीसारखे टवटवीत दिसते. न पिणारे, मलूल किंवा सतत उलट्या करणारे बाळ आजारी समजावे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.

साखळी, जुळ्यांची आई

आमची मुले मुदतीपूर्वी जन्मली. त्यांचे झपाटे जन्मतारखेपासून मोजले असता जुळेनात. डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजल्यावर बरेचसे जुळले. दोघांचे झपाटे एकाच वेळी मात्र क्वचितच आले, म्हणून एकाच्या भुकेवरून दुसऱ्याची भूक ठरवण्याचे आम्ही सोडून दिले आणि दोघांच्या पाजण्याच्या वेळा वेगवेगळ्या वह्यांत लिहू लागलो.