मदत हवी आहे: माइनक्राफ्टमध्ये कमांड चालत नाही, वसुबारसेच्या आत किल्ला हवाय

घाईची_आत्या
इथे माइनक्राफ्टमधलं कळणारं कुणी आहे का? आमच्या सोसायटीत यंदा किल्ल्यासाठी माती आणायला बंदी केली आहे, पेव्हर ब्लॉक खराब होतात म्हणे. म्हणून भाचा आणि मी मिळून गेममध्येच राजगड करतोय. खाली दरवाजात सोन्याची फरशी आहे. तिच्यावर उभं राहिलं की थेट बालेकिल्ल्यावर पोचायचं, एवढंच हवंय. एका व्हिडिओतून कमांड घेतली:

/एक्षेकुते @अ ~ ~ ~ देतेच्त ~ ~-१ ~ गोल्द_ब्लोच्क ० त्प @अ १२० ९५ -४०

चालत नाही. शिवाय अ‍ॅडऑन (गेममध्ये नव्या गोष्टी घालणारी फाइल) टाकल्यावर हृदयंही, म्हणजे खेळाडूचा जीव, कमी झाली. काय करू? लवकर सांगा, परवा पोरं येतायत.

तिरपागडा
इथल्या टायपिंगच्या खिडकीने इंग्रजी अक्षरं मराठी करून तुमच्या कमांडचं पार भजं केलंय. 'गोल्द_ब्लोच्क' वाचून आमच्या ड्रॉइंगच्या सरांची आठवण झाली.

असो. गेमच्या दोन आवृत्त्यांपैकी कुठली, जावा की बेडरॉक? फोन, टॅब की पीसी? कुठलं अ‍ॅडऑन? 'चालत नाही' म्हणजे नक्की काय होतं?

घाईची_आत्या
साधं माइनक्राफ्ट आहे हो, प्ले स्टोअरवरचं. विकत घेतलेलं. काहीच होत नाही, लाल अक्षरं येतात.

कोकणी_क्रीपर
ताई, तुमची अ‍ॅडऑनची फाइल झिप झाली असणार. ब्राउझर उतरवताना शेपटी बदलतो. फाइल मॅनेजरमध्ये जाऊन नावाच्या शेवटचं '.झिप' काढा, '.एमसीअ‍ॅडऑन' ठेवा आणि तिच्यावर टिचकी मारा, गेम आपोआप उघडून इम्पोर्ट करतो. तरी नाही झालं तर अँड्रॉइडच्या डेटा फोल्डरमध्ये हाताने टाका. पण अँड्रॉइड ११ पासून ते फोल्डर धड उघडू देत नाहीत, त्यासाठी टॅब पीसीला जोडा, मग

घाईची_आत्या
फाइल कधीच बसलीय हो. तो प्रश्नच नाहीये.

कोकणी_क्रीपर
बरं. पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल.

रेडस्टोन_रावसाहेब
प्ले स्टोअरवरचं म्हणजे बेडरॉक. तिथेच घोडं पेंड खातंय. किल्ला करायचा तर जावा एडिशन घ्या. मॉड (गेम बदलणारे जोडकोड) चालवणारं फॅब्रिक टाका, झटपट बांधकाम करणारं वर्ल्डएडिट टाका, अख्खा डोंगर दोन ओळींत उभा राहतो. बेडरॉकची अ‍ॅडऑन म्हणजे जेसनच्या (सेटिंग लिहायच्या मजकुराच्या) फायलींची भरताची वांगी. जावाचे मॉड थेट गेमच्या पोटात हात घालतात. मी २०१३ पासून जावावर आहे, एकदाही

तिरपागडा
रावसाहेब, जावा टॅबवर चालतं का? नाही. परवा येणाऱ्या पोरांच्या फोनवर? तेही नाही. बेडरॉकवाल्यांना जावाच्या जगात सरळ शिरताही येत नाही. मग कशाला सांगायचं?

रेडस्टोन_रावसाहेब
पीसीवर घेतलं तर २०२२ पासून दोन्ही एकत्रच मिळतात. मी फक्त चांगला मार्ग सांगितला. ज्याला वाईटच खेळायचंय त्याने खुशाल खेळावं.

मुक्तस्रोत
दोघंही चुकताय. एका कंपनीच्या दावणीला का बांधून घ्यायचं? लुआंटी वापरा. पूर्वी मिनटेस्ट म्हणायचे, २०२४ मध्ये नाव बदललं. फुकट, खुलं, अँड्रॉइडवरही चालतं. मॉड लुआ भाषेत लिहायचे, पोराला प्रोग्रामिंगची गोडी लागेल. त्यात व्हॉक्सेलिब्रे हा तयार गेम टाकला की दिसायला बरंचसं माइनक्राफ्टसारखंच.

घाईची_आत्या
अहो, तीन आठवडे घालून अर्धा राजगड झालाय. आता तो सोडून दुसरा गेम? फरशीचं कुणी सांगेल का?

डोंगरवेडा
राजगड करताय हे वाचून फार बरं वाटलं. फक्त एक विचारतो. संजीवनी माचीला चिलखती तटबंदी दाखवलीय ना? तटाच्या बाहेर दुसरा तट आणि मधे अरुंद वाट. मुलं सरसकट एकच भिंत घालतात. आणि दरवाजा कुठला धरलात? पाली, गुंजवणे की आळू?

घाईची_आत्या
पाली दरवाजा. दुहेरी तट आहे. नेढंही आहे संजीवनीवर.

डोंगरवेडा
अरे देवा. नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, सुवेळा माचीवर आहे.

बारावीचा_बळी
आत्या, लाल अक्षरांत काय लिहून येतं ते जसंच्या तसं टाका ना. 'सिंटॅक्स एरर, अनएक्स्पेक्टेड' आणि त्यापुढे @ए असं काही आहे का?

घाईची_आत्या
हो! अगदी तेच. @ए च्या दोन्ही बाजूंना बाण आहेत.

बारावीचा_बळी
मग व्हिडिओ जुना आहे. बेडरॉकमध्ये १.१९.५० पासून एक्झिक्यूटची मांडणीच बदलली. पूर्वी 'कोण, कुठे, डिटेक्ट, कुठला ब्लॉक' असं सलग लिहायचे. आता तुकडे पाडून सांगावं लागतं: अ‍ॅझ म्हणजे कोण म्हणून, अ‍ॅट म्हणजे कुणाच्या जागेवरून, इफ ब्लॉक म्हणजे तिथे हा ब्लॉक असेल तर, आणि रन म्हणजे मग हे कर. तुमची कमांड अशी होईल. मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, गेममध्ये रोमनमध्ये आणि सगळी छोटी अक्षरं:

/एक्झिक्यूट अ‍ॅझ @ए अ‍ॅट @एस इफ ब्लॉक ~ ~-१ ~ गोल्ड_ब्लॉक रन टीपी @एस १२० ९५ -४०

शेवटी @एस आहे बघा. तुमच्यात तिथे @ए होतं. ते चाललं असतं तर एका पोराने फरशीवर पाय ठेवला की जगातली सगळी पोरं वर गेली असती. @ए म्हणजे सगळे, @एस म्हणजे ज्याच्या नावाने कमांड चाललीय तो.

घाईची_आत्या
चालली!!! म्हणजे एकदा चालली. मी फरशीवर उभी राहून टाकली, वर गेले. भाचा उभा राहिला, काही नाही.

तिरपागडा
चॅटमध्ये टाकलीत का?

घाईची_आत्या
मग कुठे टाकायची असते?

तिरपागडा
हे आधी सांगायचं होतं ना ताई. चॅटमध्ये टाकलं की एकदाच चालतं. सारखं चालायला कमांड ब्लॉक लागतो. तो क्रिएटिव्ह मोडच्या (जिथे ब्लॉक फुकट मिळतात) यादीत सापडणार नाही, कमांडने मागवावा लागतो: /गिव्ह @एस कमांड_ब्लॉक. क्रिएटिव्हमध्येच राहा, नाहीतर उघडणार नाही. तो ठेवा, उघडा, प्रकार 'रिपीट' करा, रंग जांभळा होईल. केशरी म्हणजे एकदाच, हिरवा म्हणजे आधीच्या ब्लॉकच्या मागून. आणि 'नीड्स रेडस्टोन' (गेममधली वीज लागते) असेल ते 'ऑल्वेज अ‍ॅक्टिव्ह' करा. निम्मे लोक इथेच अडकतात.

अनुस्वार
चीट्स (कमांड चालवायची परवानगी) चालू केल्यात म्हणजे त्या जगात अचीव्हमेंट, म्हणजे कामगिरीची पदकं, कायमच्या बंद. कुणी सांगितलं का त्यांना?

घाईची_आत्या
अचीव्हमेंट गेल्या खड्ड्यात. पाली दरवाजाच्या जमिनीखाली ब्लॉक पुरला. चालतंय! मधेच एकदा भाचा म्हणाला की चालत नाही, तेव्हा मी वर बालेकिल्ल्यावर होते आणि तो घोड्यावर होता.

कोकणी_क्रीपर
टिकिंग एरिया घाला. कमांड ब्लॉकच्या आसपास कुणी नसलं की तो भाग झोपतो. /टिकिंगएरिया अ‍ॅड, मग दोन कोपरे. एका जगात दहा एरिया चालतात. मी तर नवीन जग केलं की आधी दहाच्या दहा घालतो.

बारावीचा_बळी
दहाच्या दहा कशाला, टॅब रडेल. आणि इथे त्याचा संबंधच नाही. फरशीवर पोरगं उभं आहे म्हणजे तिथे कुणीतरी आहेच, तो भाग जागाच असणार. ब्लॉक फरशीजवळ पुरलाय ना, बास. घोड्यावर बसलं की उंची बदलते, मग पायाखालचा ब्लॉक मोजताना गडबड होते. दरवाजात उतरायला सांगा.

डोंगरवेडा
दरवाजात पायउतार व्हायचं, हे रीतीलाही धरून आहे.

कोकणी_क्रीपर
टिकिंग एरियाने नुकसान तर होत नाही ना?

बारावीचा_बळी
होतं. टॅब गरम होतो.

अनुस्वार
बाळा, बारावीचं वर्ष आहे ना तुझं?

बारावीचा_बळी
सहामाही संपली काका.

रेडस्टोन_रावसाहेब
जावामध्ये ही एक्झिक्यूटची मांडणी २०१८ मध्येच, १.१३ ला आली होती. बेडरॉकला चार वर्षं लागली. नोंद असावी, एवढंच.

घाईची_आत्या
आता हृदयांचं बघा. दहाची वीस करणारं अ‍ॅडऑन टाकलं होतं, छान चालत होतं. मग दहाच झाली.

तिरपागडा
'मग' म्हणजे कधी? मधे काय केलंत?

घाईची_आत्या
काही नाही.

तिरपागडा
काहीतरी केलं असणार.

घाईची_आत्या
तोफांचं अ‍ॅडऑन टाकलं फक्त. पण त्याचा हृदयांशी काय संबंध? तोफा मस्त उडतायत.

बारावीचा_बळी
सापडलं. दोन्ही अ‍ॅडऑनमध्ये प्लेअर नावाची जेसन फाइल असणार. खेळाडूला किती हृदयं, तो काय काय करू शकतो, हे सगळं त्या एकाच फायलीत असतं. हृदयवाल्याने ती बदलली, आणि तोफवाल्यानेही बदललेली दिसतेय, तोफेवर बसून नेम धरता यावा म्हणून. गेम दोन्हींची मिसळ करत नाही. जगाच्या सेटिंगमध्ये बिहेव्हिअर पॅकची (गेमची वागणूक बदलणाऱ्या अ‍ॅडऑनची) यादी असते, त्यात जो वर त्याची फाइल खरी. नंतर घातलेला वर बसतो, म्हणून तोफ जिंकली. पडताळून बघायचं तर हृदयांचा पॅक वर सरकवा. हृदयं वीस होतील आणि तोफेचं काहीतरी बिघडेल.

घाईची_आत्या
केलं. हृदयं वीस झाली. तोफेवर बसता येत नाही.

मुक्तस्रोत
लुआंटीत मॉड एकमेकांची फाइल अशी गिळत नाहीत. प्रत्येक मॉड आपापला कोड जोडतो.

रेडस्टोन_रावसाहेब
जावातही.

तिरपागडा
झालं दोघांचं एकमत, दिवाळी गोड झाली. आत्या, आता दोन मार्ग. एक, दोन्ही फाइली उघडून हाताने एक करायच्या. करता येतं, पण एक स्वल्पविराम चुकला तरी सगळं बोंबलतं. करायचंच असेल तर सेटिंगमध्ये क्रिएटर भागात कंटेंट लॉग चालू करा, कुठे अडलं ते पडद्यावर दिसतं.

बारावीचा_बळी
परवापर्यंत फाइल जोडत बसू नका. दुसरा मार्ग सोपा आहे. हृदयांचं अ‍ॅडऑन काढूनच टाका, ते काम कमांड करते:

/इफेक्ट @ए हेल्थ_बूस्ट ९९९९९ ४ ट्रू

शून्यापासून मोजतात, म्हणून ४ म्हणजे पाचवी पातळी. दर पातळीला दोन हृदयं, म्हणजे दहा जास्तीची. शेवटच्या ट्रूमुळे अंगाभोवती बुडबुडे उडत नाहीत. नवी हृदयं आधी रिकामी दिसतील, खाल्लं-प्यायलं की भरतात. दूध मात्र पिऊ देऊ नका, सगळे इफेक्ट उतरतात. मेल्यावरही उतरतात. म्हणून केशरी कमांड ब्लॉकमध्ये @ए च्या जागी @पी लिहून ही कमांड घाला आणि त्याला बटण लावा. @पी म्हणजे जवळचा एक. दरवाजात बटण दाबायचं, मग गड चढायचा.

अनुस्वार
/गेमरूल कीपइन्व्हेंटरी ट्रू पण करा, मेलं तरी सामान जात नाही. आणि स्किन बदलायची तर ड्रेसिंग रूममध्ये जायचं.

घाईची_आत्या
स्किनचं कुणी विचारलं होतं? पण कीपइन्व्हेंटरी केलं, धन्यवाद. बटणही झालं.

आता शेवटचं. सुवेळा माचीचा डोंगर दगडाने भरायचाय, ४० बाय ४० बाय ४०. /फिल नाही म्हणतंय.

तिरपागडा
एका वेळी ३२,७६८ ब्लॉक, त्यापुढे नाही. तुमचे होतात ६४,०००. उंचीचे दोन भाग करा, ४० बाय २० बाय ४० म्हणजे ३२,०००. आधी खालचा थर, मग वरचा. कोपऱ्यांचे आकडे मोजताना घोळ नको, ० ते ३९ धरलं की चाळीस होतात, ० ते ४० नाही.

डोंगरवेडा
भरून झालं की त्याच /फिलने शेवटी 'एअर' लिहून आरपार भोक पाडा. तेच नेढं. तीन-चार ब्लॉक उंच पुरे. चौकोनी ठेवू नका हो, कडा हाताने फोडा. आणि संजीवनीवरचं आधी बुजवा.

घाईची_आत्या
संजीवनीवरचं भाच्याने स्वतः खोदलंय, तो बुजवू देत नाही. त्याचं म्हणणं, दोन असू देत.

डोंगरवेडा
राजगडाला दोन नेढी? पाहुणे काय म्हणतील?

घाईची_आत्या
पाहुणे आठ वर्षांचे आहेत.

घाईची_आत्या
थांबा, नवीन भानगड. भाचा वर गेला की तिथून हलताच येत नाही. जागच्या जागी थरथरतो. मी गेले की माझंही तेच. टॅब बंद करून बघितला.

बारावीचा_बळी
वर बालेकिल्ल्यावर कसली फरशी आहे?

घाईची_आत्या
सोन्याची. भाचा म्हणाला महाराजांचा बालेकिल्ला आहे, दगडाचा कसा चालेल.

बारावीचा_बळी
आत्या... जगातल्या कुठल्याही सोन्यावर उभं राहिलं की १२०, ९५, -४० वर नेतो आपला ब्लॉक. सेकंदाला वीस वेळा. पोरगं वर पोचतं, पायाखाली परत सोनं, परत तिथेच आणून ठेवतो. अ‍ॅझ @ए च्या जागी अ‍ॅझ @ए[एक्स=, वाय=, झेड=, आर=३] करा. तीनही ठिकाणी खालच्या फरशीचे आकडे, मधे जागा सोडू नका. म्हणजे दरवाजापासून तीन ब्लॉकच्या आतलंच सोनं धरेल. आकडे दिसत नसतील तर /गेमरूल शोकोऑर्डिनेट्स ट्रू.

तिरपागडा
किंवा खालची फरशी हिऱ्याची करा आणि कमांडमध्ये गोल्ड_ब्लॉकच्या जागी डायमंड_ब्लॉक लिहा. दोन मिनिटांचं काम.

घाईची_आत्या
हिऱ्याची केली. सुटला एकदाचा. आता तो बालेकिल्ल्यावरून खाली कसं यायचं विचारतोय.

डोंगरवेडा
पायऱ्यांनी.