अ‍ॅक्युपंक्चरची शाळा नेमकी किती जुनी?

कुतूहल:
चीनमधल्या अ‍ॅक्युपंक्चर शिक्षणावर लेख लिहायला घेतलाय. 'हजारो वर्षांची अखंड परंपरा' असं जो तो लिहितो, आणि १८२२मध्ये सम्राटाने बंदी घातली असंही सापडतं. मग आजच्या महाविद्यालयांतला अभ्यासक्रम आला कुठून? आणि एके काळी टपालाने सुया टोचायला शिकवत, हे खरं का?

मेणपाणी:
बंदी खरी, पण तिचा अर्थ लोक ताणतात. तांग राजवटीपासून (सातवं ते दहावं शतक) राजवैद्यक संस्थेत सुईचा स्वतंत्र विभाग होता. दाओग्वांग सम्राटाने १८२२मध्ये तेवढा विभाग बंद केला. सुया टोचणं आणि शेकणं राजाच्या देहाला शोभत नाही, हे कारण. गावोगावचे वैद्य टोचतच राहिले. गेली ती राजमान्यता आणि परीक्षा.

परीक्षा मात्र झकास असायची. वांग वेईयीने १०२७मध्ये काशाचे दोन पुतळे ओतवून घेतले. सुई टोचायच्या बिंदूंची नावं ३५४, प्रत्येक जागी भोक; पण बहुतेक बिंदू डावी-उजवीकडे जोडीने असल्यामुळे एकूण जागा ६५७. पुतळ्यावर मेणाचा थर द्यायचा, आत पाणी भरायचं. सुई बरोबर भोकात गेली की पाणी यायचं, चुकली की धातूवर अडायची. यात फक्त जागा तपासली जाते. किती खोल जायचं हे पुतळा सांगत नाही, आणि खरी इजा तिथेच होते.

वूशीकर:
आजच्या अभ्यासक्रमाचं मूळ शोधायचं तर पुतळा सोडा आणि वैद्य चेंग दान-आन (१८९९–१९५७) यांच्याकडे या. १९२९मध्ये जुनं वैद्यक मोडीत काढण्याचा प्रस्ताव सरकारपुढे आला होता, त्यावर वैद्यांनी मोठा विरोध केला. त्याच सुमाराच्या वातावरणात चेंग यांनी शांघायजवळच्या वूशी शहरात संशोधन संस्था काढली आणि हो, टपाली अभ्यासक्रमही. १९३१च्या त्यांच्या पुस्तकात जिवंत माणसाच्या अंगावर बिंदू काढून घेतलेले फोटो आहेत. १९३३मध्ये नियतकालिक सुरू झालं. १९३४-३५मध्ये जपानला जाऊन तिथल्या शाळा पाहिल्या आणि परतल्यावर वूशीत प्रत्यक्ष वर्ग भरवले. १९३७च्या जपानी आक्रमणात ते सगळं उधळलं गेलं.

माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम शाळा नव्हे, बिंदूंची फेरमांडणी. जुन्या पद्धतीत जाड सुयांनी गळू फोडणं, शिरेतून रक्त काढणं हेही 'सुई'तच मोडायचं. चेंग यांनी बारीक सुई धरली आणि बिंदू हाडं, स्नायू, मज्जातंतूंच्या संदर्भात सांगितले, रक्तवाहिन्यांपासून दूर ठेवले.

कुतूहल:
पण टपालाने जागा अचूक कशी कळणार? प्रत्येकाचं शरीर वेगळं.

मेणपाणी:
त्यासाठी मोजमाप रुग्णाच्याच शरीराचं घेतात. एकक 'त्सुन'. रुग्णाच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे १ त्सुन, जोडलेल्या चार बोटांची ३. कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंत १२, मग हात लांब असो की आखूड. उदाहरणार्थ 'झूसानली': गुडघ्याच्या वाटीखालच्या बाहेरच्या खळग्यापासून ३ त्सुन खाली आणि नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर. नवशिके हमखास स्वतःची बोटं लावतात, आणि रुग्ण लहान मूल असेल तर जागा पार घसरते.

हात बसवायला आजही कागदाची गड्डी लागते: साधारण ८ × ५ सेंटिमीटर, २-३ जाड, दोऱ्याने घट्ट आवळलेली. सुई वाकली तर दाब दांड्याच्या रेषेत नव्हता असं समजावं. हे टपालाने जमतं. पाठीवर, फुप्फुसाच्या वरच्या भागात तिरपी, उथळ सुई घालणं मात्र शिक्षकासमोरच शिकावं. सरळ खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडून छातीच्या पोकळीत हवा साठते.

वूशीकर:
पुढचं थोडक्यात. १९५१मध्ये चेंग यांनी सुझौत पुन्हा वर्ग सुरू केले, १९५४मध्ये नानजिंगच्या प्रांतिक शाळेचे प्रमुख झाले. १९५६मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ, चेंगदू अशी चार सरकारी महाविद्यालयं निघाली. १९७५मध्ये परदेशी डॉक्टरांसाठी बीजिंग, शांघाय आणि नानजिंगला वर्ग सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जेम्स सो यांनी न्यू इंग्लंड स्कूल ऑफ अ‍ॅक्युपंक्चर काढली.

आणि कोटणीसांबरोबर १९३८मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले डॉ. बिजयकुमार बसू आठवतात ना? ही विद्या १९५०च्या दशकाच्या अखेरीस कोलकात्यात आणली ती त्यांनीच. लेखात त्यांना जागा द्या.